आधी घाट, मग तारीख: ठाणे–नवी मुंबईहून लांबच्या सायकल प्रवासाचं ऋतू आणि बंद रस्ते बघून नियोजन

दर पावसाळ्यात हेच घडतं. शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘रविवारी माळशेज, पहाटे साडेचारला तीन हात नाका.’ शनिवारी कुणीतरी मोबाइलवर ठाण्याचं हवामान बघतो, ढगाआडून डोकावणारा सूर्य दिसतो आणि सगळे निघतात. नव्वदेक किलोमीटर तोडून घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर कळतं की वर मनाई आदेश लागू आहे, किंवा दरडीची माती काढायचं काम चालू आहे. मग भर पावसात, वारा छातीवर घेत, तेवढेच किलोमीटर परत. मी हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी आमच्यातल्या एकाला सरळगावजवळ हुडहुडी भरली आणि त्याला टेम्पोत घालून घरी आणावं लागलं.

अशा वेळी सायकली चांगल्या असतात, पाय तयार असतात, फक्त क्रम चुकलेला असतो. आपण आधी ठिकाण ठरवतो, मग तारीख. हवामान आदल्या दिवशी बघतो आणि रस्त्याची चौकशी बहुतेकदा करतच नाही. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: ऋतू बघून दिशा ठरवा (तीन-चार आठवडे आधी)

ठिकाणाचं नाव अजून घेऊ नका. त्या महिन्यात कोणती दिशा जमेल, एवढंच ठरवा. आपल्याकडून चार दिशा निघतात: कसाऱ्यावरून नाशिक, मुरबाडवरून माळशेज, पनवेल–खोपोलीवरून लोणावळा–पुणे, आणि पेण–वडखळवरून कोकण.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चारही दिशा खुल्या. तरी दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली म्हणजे दिवस लहान असतो. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाचला निघालात तर दोन तास अंधारात जातात. दुसरी गोष्ट घाट चढून गेल्यावरची. ओतूर, जुन्नर, आळेफाटा हा उसाचा पट्टा आहे. गाळप हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर तिथे रात्रंदिवस फिरतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा तर सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसतो. याच उसात बिबट्यांचा वावर आहे. माळशेज चढून जुन्नरकडे जाणार असाल, तर मुक्कामाला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं असं धरूनच बेत आखा.

मार्च ते मे. या महिन्यांत उन्हाशी गाठ आहे, पण ठाणे आणि कोकणातलं ऊन नाशिक–पुण्यासारखं नाही. आपल्याकडे हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून ३५ अंशांतला खोपोलीचा चढ हा ३८ अंशांतल्या सिन्नरच्या सपाटीपेक्षा जास्त त्रास देतो. या दिवसांत कुठलाही घाट सकाळी आठच्या आत चढून झाला पाहिजे. ते जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी पायथ्याशी मुक्काम करा, किंवा घाट सोडून द्या.

याच काळात रस्त्यांची कामंही जोरात असतात. पावसाच्या आत डांबरीकरण, कठड्यांची दुरुस्ती, दरडींवर जाळ्या बसवणं हे सगळं उरकायचं असतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये खरवडलेला रस्ता, सुटी खडी आणि एकेरी वाहतूक घाटोघाटी भेटते. कसारा घाटात जुना आणि नवा असे दोन रस्ते आहेत. एकावर काम निघालं की दोन्हीकडची वाहने दुसऱ्यावर येतात आणि सायकलला कडेची जागाच उरत नाही.

जून ते सप्टेंबर. मुंबई परिसरात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. पण सरासरीवर बुकिंग करू नका. २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला आणि मेअखेरच्या सुट्टीचे कित्येक बेत धुऊन गेले. २० मेच्या पुढची कुठलीही लांबची राईड पावसाळी समजूनच आखा.

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस मला सगळ्यात धोक्याचे वाटतात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरींबरोबर वर येते आणि वळणावर पुढचं चाक कधी निसटलं ते कळतही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लांबची राईड करायचीच असेल तर घाटाच्या अलीकडेच ठेवा: ठाणे–शहापूर–ठाणे, किंवा बेलापूर–पेण–बेलापूर.

ऑक्टोबर. सकाळ सुंदर असते, दुपारी चटका आणि घाटमाथ्यावर गडगडाटी पाऊस. रस्त्यांची चाळण झालेली असते ती वेगळीच. पहाटे निघा आणि दुपारी दोनच्या आत छपराखाली पोचा.

> तपासा: दिशा ठरली का? त्या महिन्यात तुमच्या वाटेत घाट आहे का, आणि असल्यास तो किती वाजता चढायचा आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेमकी वेळ सांगून देता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सायकलला कायमचे बंद असलेले रस्ते नकाशातून काढून टाका

यात पाच मिनिटं जातात, पण नवे लोक इथेच अडकतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर सायकल नेता येत नाही, दुचाकीही नाही. मोबाइलवरचा नकाशा मोटारीच्या पर्यायावर असेल तर तो तुम्हाला बिनदिक्कत या रस्त्यांवर घालतो. समृद्धीचं ठाण्याकडचं टोक भिवंडीजवळ आमणे इथे आहे. नाशिकला निघालेल्यांनी तिकडे न वळता पडघा–शहापूरचा जुना महामार्गच धरायचा.

पुण्याकडे जाताना कळंबोलीपासूनच सावध राहा. आपला रस्ता पनवेल–चौक–खोपोली हा जुना महामार्ग. खोपोली गावातून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढणारा रस्ता दुचाकींचा आहे, सायकलही तिथूनच न्यायची. वर खंडाळ्याच्या बाजूला जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग अगदी जवळ येतात. तिथे वेगात असताना निर्णय घेऊ नका. थांबा, पाटी वाचा, दुचाकी कुठून जातायत ते बघा.

## टप्पा ३: हंगामी बंदी आणि सूचना नीट वाचा (दहा दिवस आधी, मग पुन्हा दोन दिवस आधी)

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट: घाट दोन जिल्ह्यांत असतो. माळशेज ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर, कसारा ठाणे आणि नाशिकच्या, बोरघाट, ताम्हिणी आणि वरंधा रायगड आणि पुण्याच्या, आंबेनळी रायगड आणि साताऱ्याच्या. बंदीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात आणि तो त्यांच्या हद्दीपुरताच असतो. ठाणे जिल्ह्याची सूचना वाचून ‘काही नाही, चला’ म्हणणारे पुणे जिल्ह्याच्या आदेशावर जाऊन आदळतात. दोन्ही जिल्ह्यांची अधिकृत पानं बघायची.

दुसरी गोष्ट: बंदी कशावर आहे? बातमीचा मथळा ‘अमुक घाट बंद’ असा असतो, पण आदेशात निरनिराळ्या गोष्टी असतात. मूळ आदेश मिळवून चार प्रश्नांची उत्तरं शोधा:

1. फक्त अवजड वाहनांना बंद, की सर्व वाहनांना?
2. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि दिवसभर की ठरावीक तासांत?
3. कुठून कुठपर्यंत?
4. रस्त्यावरून जायला बंदी, की धबधबे आणि व्ह्यू पॉइंटजवळ थांबायला बंदी?

चौथा प्रश्न सायकलवाल्यांसाठी फार महत्त्वाचा. पावसाळ्यात माळशेज, भुशी धरण अशा ठिकाणी निघणारे मनाई आदेश बरेचदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असतात (जुनं कलम १४४). त्यात रस्ता वाहतुकीला चालू असू शकतो, पण धबधब्याजवळ उभं राहिलात, फोटो काढायला थांबलात तर कारवाई होते. अशा घाटातून विश्रांती न घेता सलग चढून जाणं तुम्हाला जमतं का, हे स्वतःला विचारा. माळशेजमध्ये बहुतेकांना ते जमत नाही. मग तो घाट तुमच्यासाठी बंदच धरा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘अवजड वाहनांना बंद’ असं वाचून सायकलवाल्यांना आनंद होतो, की रस्ता मोकळा मिळेल. पण अवजड वाहनं बंद का केली? रस्ता खचतोय किंवा डोंगर सुटतोय म्हणूनच. वरंधा घाट पावसाळ्यात बहुतेक वर्षी असा अर्धा किंवा पूर्ण बंद असतो. आंबेनळी घाट जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत जागोजागी खचला होता. जून ते सप्टेंबर हे दोन्ही घाट मी बेतात धरतच नाही.

तिसरी गोष्ट: कामं आणि सण. घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक वळवली की तो सगळा भार माजिवडा, कापूरबावडी, खारेगाव, भिवंडीकडे येतो आणि नाशिकला निघणाऱ्यांची पहाट तिथेच संपते. ठाणे आणि नवी मुंबई पोलिसांच्या वाहतूक शाखा असे बदल आधी जाहीर करतात. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस मुंबई–गोवा महामार्ग सायकलसाठी सोडून द्या. आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याहून दिवे घाट किंवा लोणंदकडे जाणारे रस्ते पालखीचे असतात. १ जानेवारीला पुणे–नगर रस्त्यावर पेरणे फाट्याजवळ वाहतूक वळवलेली असते. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिक–त्र्यंबक पट्ट्यात कामं आणि वळणरस्ते आहेत. तिकडे मुक्काम असेल तर हॉटेलवाल्याला रस्त्याबद्दलही विचारा.

चौथी गोष्ट: जेट्टी. कोकणात किनाऱ्याने जाणाऱ्यांसाठी जंगलजेट्टी (खाडीपार वाहनं नेणारी बोट) हाच रस्ता. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या चारही ठिकाणी सायकल बोटीत चढते. यातली एक बोट बंद असली की खाडीला वळसा घालण्यात अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या अचानक थांबतात. गेटवे–मांडवा बोटी तर पावसाळ्यात बंदच असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मोठी आहे, पण खराब हवेत तिच्याही फेऱ्या रद्द होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दिवसाची शेवटची फेरी किती वाजता, हे जेट्टीवर फोन करून विचारा. इंटरनेटवरच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

पाचवी, आणि माझी सगळ्यात भरवशाची: एसटीला विचारा. मुरबाड, शहापूर, पेण, महाड या आगारांच्या चौकशी खिडकीवर फोन करून एकच प्रश्न विचारायचा: ‘घाटातून गाड्या चालू आहेत का?’ एसटी बंद असेल तर वाद न घालता बेत बदला. गाड्या पर्यायी मार्गाने वळवल्या असतील तर कोणत्या मार्गाने, तेही विचारून घ्या. नकाशावर रस्ता हिरवा दिसत असला तरी त्या नकाशाला काल रात्री पडलेली दरड माहीत नसते. पहाटेच्या गाडीच्या चालकाला ती माहीत असते.

> सावधान: ‘सायकल उचलून पलीकडे नेऊ’ हा विचार करून बंद घाटात शिरू नका. दरडीची माती काढताना वरून आणखी दगड येतात आणि खाली यंत्र चालवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

## टप्पा ४: अंदाज वाचा, घराचा नव्हे, घाटाचा (पाच दिवस आधीपासून)

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे पाच दिवसांसाठी देतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पुणे आणि नाशिकसाठी घाटाचा इशारा वेगळा असतो, तो शोधून वाचा. पुणे शहरात रिमझिम असताना ताम्हिणीत धो-धो कोसळत असतं. आपल्याकडेही तसंच. ठाणे जिल्हा मीरा-भाईंदरच्या खाडीपासून माळशेजच्या कड्यापर्यंत पसरलाय. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून वागळे इस्टेटमधल्या आभाळावरून घाटाचा अंदाज कधीच करू नका.

शब्दांचे अर्थही पक्के ठेवा. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’, त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. ही २४ तासांची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ अशी असते. म्हणजे रविवारी सकाळी जाहीर झालेला आकडा शनिवारचा पाऊस सांगतो. तो बघून ‘आज एवढाच पाऊस आहे’ असं समजणारे मला खूप भेटलेत.

माझा नियम असा:

- लाल: वाटेतल्या कुठल्याही एका जिल्ह्यात असला तरी राईड रद्द.
- नारिंगी: घाट नाही, नदीकाठचा रस्ता नाही. घरापासून वीस किलोमीटरच्या आत काय करायचं ते करा.
- पिवळा: सपाटीवर जा, घाट टाळा, बाराच्या आत परतीला लागा.
- हिरवा: जा, पण मागच्या तीन दिवसांचा पाऊस बघून.

ही शेवटची अट सगळे विसरतात. डोंगर पाणी पिऊन बसलेला असतो आणि पाऊस थांबल्यावरही दरड येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेला डोंगर कित्येक दिवसांच्या सलग पावसाने भिजलेला होता. चौकजवळून जाताना तो आजही दिसतो. मागच्या तीन दिवसांत एकदा जरी लाल किंवा नारिंगी इशारा खरा ठरला असेल, तर आज कितीही छान ऊन असू दे, घाटात जाऊ नका.

विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर असू द्या. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी ते लागतं.

> तपासा: अंदाज तीन वेळा बघितला का? पाच दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि निघण्याआधी. तिन्ही वेळा इशारा वाढतच गेला असेल तर थांबा.

## टप्पा ५: वेळेचं गणित मांडा

‘माझा वेग ताशी २२’ हे वाक्य पाम बीच रस्त्यावर खरं असतं. सामान लादलेल्या सायकलवर, खड्ड्यांतून, ट्रकच्या कडेने जाताना सपाटीवर १८ धरा. घाटात ६ ते ८. पावसात सपाटीचा वेग आणखी दोन-तीनने कमी.

उदाहरण घेऊ, ठाणे ते इगतपुरी. कसाऱ्यापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर, १८ च्या वेगाने सव्वाचार तास. चहा, नाश्ता, एखादं पंक्चर यासाठी पाऊण तास. घाट बारा किलोमीटर धरला तर ७ च्या वेगाने पावणेदोन तास. वर पोचल्यावर गावापर्यंतचा शेवटचा तुकडा अर्धा तास. एकूण सव्वासात तास. पहाटे पाचला निघालात तर दहाला घाटाच्या पायथ्याशी आणि सव्वाबाराला इगतपुरीत. डिसेंबरमध्ये हे उत्तम. मेमध्ये दहा ते पावणेबारा या वेळात तुम्ही कसारा घाटाच्या तापलेल्या कातळाशेजारी असाल आणि तिथे कुणी तुम्हाला वाचवायला येणार नाही. मेमध्ये शहापूरला मुक्काम करून साडेचारला निघणं हाच मार्ग.

आता वारा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. त्यामुळे नाशिकला जाताना तो पाठीवर असतो, सगळे उडत जातात आणि ‘आज काय फॉर्म आहे!’ म्हणत वीस किलोमीटर जास्त जातात. परतताना तोच वारा तोंडावर येतो. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, म्हणजे भिवंडीपासून घरापर्यंतचे शेवटचे किलोमीटर जड जातात. परतीचा वेळ जाण्याच्या वेळेपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त धरा. अलिबागहून किनाऱ्याने दक्षिणेला जाणाऱ्यांना मात्र दुपारचा वायव्येचा वारा साथ देतो, म्हणून किनाऱ्याची राईड उत्तरेकडून दक्षिणेकडेच आखावी आणि परत येताना सायकल रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून बुक करावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेच बघून गाडी धरा.

## टप्पा ६: माघारीची ठिकाणं कागदावर लिहा

वाटेतली तीन ठिकाणं निवडा आणि प्रत्येकासमोर वेळ लिहा. ‘शहापूर साडेआठ, खर्डी पावणेदहा, कसारा साडेदहा.’ त्या वेळेच्या पुढे अर्धा तास उशीर झाला की तिथूनच माघारी. हे घरी बसून ठरवायचं असतं. रस्त्यावर, चार मित्र पुढे निघालेले असताना, माघारीचा निर्णय कुणालाही घेता येत नाही.

नाशिकच्या वाटेवर वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं रस्त्याला लागून आहेत, तिथे निवारा, पाणी, माणसं मिळतात. गोवा महामार्गावर पेण, नागोठणे, माणगाव आहेत. मुरबाडच्या वाटेवर कल्याणनंतर रेल्वे नाही, म्हणून तिकडे जाताना मुरबाड किंवा सरळगावच्या एखाद्या टेम्पोवाल्याचा नंबर आधीच मिळवून ठेवा. गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढवू, असा बेत मात्र करू नका.

मुरबाडकरांना माहीत असलेली एक जागा नोंदवून ठेवा: रायते पूल. उल्हास नदीला पूर आला की कल्याण–मुरबाड रस्ता इथे तुटतो. सकाळी पूल कोरडा बघून गेलात आणि दिवसभर घाटात पाऊस पडला, तर संध्याकाळी परतीची वाटच नसेल. असंच महाडला सावित्री आणि गांधारीचं, नागोठण्याला अंबेचं.

## टप्पा ७: सायकल आणि सामान, ऋतूप्रमाणे

सर्वसाधारण यादी सगळ्यांना माहीत असते: दोन ट्यूब, पंप, लिव्हर, चेनची कडी. ऋतूमुळे काय बदलतं तेवढंच सांगतो.

पावसाळ्यात रिम ब्रेक ओले झाले की पहिला एक-दोन फेऱ्यांचा दाब नुसतं पाणी पुसण्यात जातो. उतारावर दर थोड्या वेळाने हलकासा ब्रेक लावून रिम कोरडी ठेवा, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. डिस्क ब्रेकचे पॅड चिखलात फार भराभर झिजतात. जुने पॅड घालून घाट उतरू नका. टायरची हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. धुक्यात घाटात तुम्ही ट्रकचालकाला फक्त त्या दिव्यामुळेच दिसता. कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, कारण जुलैमध्येही घाटमाथ्यावर ओल्या अंगाला थंडी वाजते. सरळगावच्या त्या दिवशी आमच्याकडे एवढीच गोष्ट नव्हती.

उन्हाळ्यात पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पाकिटं, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. डोकं गरगरणं, बोलताना गोंधळणं, अंग तापलेलं असूनही घाम थांबणं यातलं काहीही दिसलं तर राईड संपली. सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

## टप्पा ८: निघण्याची सकाळ आणि वाटेत

निघण्याआधी इशारा पुन्हा बघा. घरच्यांना माघारीचा कागद दाखवा, त्याचा फोटो त्यांच्याकडे असू द्या. मोबाइलमध्ये हे नंबर ठेवा: ११२ (आपत्कालीन), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १०३३ (राष्ट्रीय महामार्ग).

घाटाच्या पायथ्याच्या शेवटच्या टपरीवर चहा घ्यायचाच, तहान नसली तरी. वरून आलेल्या दूधवाल्याला, भाजीच्या टेम्पोवाल्याला विचारा. ‘दादा, वर रस्ता कसाय?’ एवढं पुरतं. त्याने हात हलवला तर परत फिरा.

चढताना डोंगराच्या बाजूला लहान दगड रस्त्यावर पडलेले दिसले, झाडं वाकलेली दिसली, किंवा नेहमीच्या ओहोळातून एकदम गढूळ लाल पाणी येऊ लागलं, तर वर थांबू नका आणि खाली फोटोही काढत बसू नका. त्या जागेपासून लांब जा.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, घोट्याइतकं का असेना, सायकल घालायची नाही. खालचा स्लॅब जागेवर आहे की वाहून गेलाय हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा त्यावर आलेल्या वाहनांना अंधारात काहीच कळलं नव्हतं. पाणी ओसरेपर्यंत थांबा. रात्र झाली तर जवळच्या गावात राहा. आपल्याकडच्या गावांत देवळाची ओसरी आणि कुणाच्या तरी घरचा भात मिळतोच.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत आला तर पक्क्या इमारतीत शिरा. झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

घरी पोचल्यावर, सायकल धुण्याआधी, एक काम करा. कुठे रस्ता खचलाय, कुठे खडी आहे, कोणत्या पुलाचं काम चालू आहे, जेट्टीची शेवटची फेरी किती वाजता होती, हे तारखेसह लिहून ग्रुपवर टाका. पुढच्या शनिवारी कुणीतरी त्याच वाटेला निघणार असतं.